एकाची बेकारी, दोघांचा हिशेब

सकाळी 9.00

सल्ला केंद्राचं दार साडेनऊला उघडतं, पण मंगळवारी नऊलाच तीन-चार माणसं फुटपाथवर उभी असतात. आमचं गाव स्लाउ, लंडनच्या पश्चिमेला, हीथ्रो विमानतळाच्या पलीकडे. गोदामं, विमानतळाची कामं, वृद्धाश्रम, टॅक्सी, आयटी. इथे नोकरी पटकन मिळते आणि पटकन जाते. येणाऱ्यांत पंजाबी, पोलिश, इंग्रज, सोमाली सगळे असतात, आणि गेल्या काही वर्षांत मराठी माणसंही बरीच. ती बहुधा कुणाच्या तरी ओळखीने येतात आणि खुर्चीवर बसायच्या आधीच सांगतात, "ताई, आम्हाला फुकट काही नको."

भिंतीवर 2025-26 या वर्षाचे दर चिकटवलेले आहेत. दिवसभर बोट त्याच कागदावर ठेवून बोलायचं असतं, म्हणून मूळ गोष्ट इथेच सांगते. ब्रिटनमध्ये बेकारभत्त्याच्या दोन वाटा आहेत. पहिली ‘न्यू स्टाइल जॉबसीकर्स अलाउन्स’, सगळे जेएसए म्हणतात. पगारातून कापलेल्या नॅशनल इन्शुरन्सच्या हप्त्यांवर तो मिळतो. पंचविशीच्या पुढच्या माणसाला 2025-26च्या दराने आठवड्याला 92.05 पौंड, जास्तीत जास्त 182 दिवस. नवरा किंवा बायको किती कमावते, बँकेत किती आहे, हे त्यात बघतच नाहीत. दुसरी वाट युनिव्हर्सल क्रेडिटची. तिथे माणूस नव्हे, घर मोजतात. जोडप्याने मिळून अर्ज करायचा, दोघांचा पगार आणि दोघांची शिल्लक एकत्र धरायची आणि कमावत्याच्या हातात पडणाऱ्या दर पौंडामागे भत्त्यातून 55 पेन्स कापायचे. मुलं असतील किंवा आजारपणामुळे काम करण्यावर मर्यादा असेल, तरच पगाराचा पहिला काही भाग सोडून देतात.

लोकांच्या डोक्यात या दोन्ही वाटा एक झालेल्या असतात. माझं निम्मं काम त्या वेगळ्या करून दाखवण्याचं आहे.

9.40

आजचं पहिलं जोडपं नाशिककडचं. नवऱ्याचं वय एकावन्न. विमानतळाजवळच्या गोदामात बरीच वर्षं काम केलं, गेल्या महिन्यात पूर्ण पाळीच बंद झाली. बाई वृद्धाश्रमात किमान वेतनावर आठवड्याला पस्तीस तास काम करतात. मुलगी शिकून दुसऱ्या शहरात नोकरीला लागली आहे. घर मॉर्गेजवर घेतलेलं.

"माझ्या चुलतभावाने सांगितलं, बायको कमावती आहे म्हणजे तुला काही मिळणार नाही. तरी हिच्या आग्रहाने आलो."

बाईंनी पिशवीतून प्लास्टिकचं पाकीट काढलं. त्यात तीन महिन्यांच्या पे-स्लिपा तारखेप्रमाणे लावून पिना मारलेल्या होत्या. ताशी 12.21 पौंड, आणि कर, इन्शुरन्स, पेन्शन जाऊन महिन्याला सोळाशेच्या आसपास. मी कागदावर त्यांच्यासमोर आकडे मांडले. युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये जोडप्याचा मूळ भत्ता महिन्याला 628.10 पौंड. भाडं नाही, घरात लहान मूल नाही, म्हणून त्यात भर नाही आणि पगारातली सूटही नाही. सोळाशेचे 55 टक्के 880. मिळायचे 628, कापायचे 880. हाती शून्य. हिशेब उलटा केला तर अशा घरात जोडीदाराची कमाई महिन्याला 1,142 पौंडांवर गेली की भत्ता संपतो. म्हणजे देशातल्या सगळ्यात कमी कायदेशीर मजुरीवर पूर्णवेळ राबणारी बायको नवऱ्याचा भत्ता पुसून टाकायला पुरेशी आहे.

ते गप्प झाले. बाईच बोलल्या, "अहो, मग मी तास कमी करून घेऊ का?"

हा प्रश्न हटकून येतो, आणि दरवेळी बाईच विचारते. मी सांगितलं, अजिबात नको. तास कमी करून पगार 1,142च्या खाली आणला, तरी तिथून पुढे गमावलेल्या प्रत्येक पौंडापाठी 55 पेन्सच परत येतील, 45 बुडतील. त्याच्या वरचा जो पगार सोडाल त्यातली तर एक पेनीही परत यायची नाही. शिवाय कमाई फार खाली गेली की जास्त काम शोधा म्हणून त्यांच्याच मागे जॉबसेंटरचा तगादा लागेल.

मग मी पान उलटलं आणि त्यांना विचारलं, गेल्या काही वर्षांत इन्शुरन्स कापला जात होता ना? "दर महिन्याला, एकही महिना खाडा नाही." मग जेएसए तुमचा. आठवड्याला 92.05, तुमच्या नावाने, तुमच्या खात्यात. बाईंच्या पे-स्लिपा कुणी मागणार नाही. त्या जपून पुन्हा पाकिटात ठेवा.

चुलतभाऊ खोटं बोलला नव्हता. त्याने एकाच वाटेचं सांगितलं होतं. इंटरनेटवरच्या हिशेबयंत्रात दोघांचे पगार भरून शून्य बघणारी आणि तिथेच थांबणारी माणसं मला फार भेटतात. अर्ज लगेच करायला हवा. मागच्या तारखेपासून भत्ता मिळवायला सबळ कारण द्यावं लागतं, आणि ‘मला ठाऊक नव्हतं’ हे कारण सहसा चालत नाही. आम्ही अर्ज तिथेच भरला. पहिले सात दिवस बिनपैशांचे असतात, हेही सांगितलं. नंतर कळून मन खट्टू होण्यापेक्षा आधी ऐकलेलं बरं.

10.50

फोन. हिंजवडीहून इकडे आलेला आयटीतला मुलगा, कायमच्या वास्तव्याचा परवाना मिळून वर्ष झालेलं. बायको लग्नानंतर आली, अजून व्हिसावर आहे. तिच्या व्हिसावर ‘नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स’ असा शिक्का आहे, म्हणजे सरकारी मदतीला हात लावायचा नाही. ती औषधांच्या दुकानात काम करते. याची नोकरी गेली आहे आणि घरभाडं डोक्यावर आहे.

अशा घराचा हिशेब समजावून सांगताना मला आजही राग येतो. युनिव्हर्सल क्रेडिटचा अर्ज त्याने एकट्याने करायचा. मूळ भत्ता एकट्या माणसाचा, महिन्याला 400.14. बायकोचं पोट त्या रकमेत धरलेलंच नाही. पण तिचा पगार मात्र पुरेपूर धरायचा, तिची शिल्लकही. द्यायच्या वेळी तो एकटा, कापायच्या वेळी ते जोडपं. नियमाच्या बाजूने एवढंच म्हणता येतं, की बायकोसाठी वेगळी रक्कम दिली गेली नाही म्हणून तिच्या व्हिसाची अट मोडत नाही. ती भीती त्याला होती आणि ती घालवता आली.

त्यालाही पहिली वाट दाखवली. हप्त्यांवर मिळणारा जेएसए ‘पब्लिक फंड्स’च्या यादीत येत नाही, कारण ती भरलेल्या विम्याची परतफेड आहे. हे आपल्या लोकांपर्यंत पोचलेलंच नाही. व्हिसाच्या धास्तीने माणसं स्वतःच्या पगारातून कापल्या गेलेल्या पैशांकडेही वळून बघत नाहीत. व्हिसाचा प्रश्न असेल तिथे मी आधी इमिग्रेशनच्या वकिलाशी बोलायला सांगतेच, पण बोला, गप्प बसू नका, हेही सांगते.

12.00

टॅक्सीचालक सरदारजी. बायको हॉस्पिटलात कामाला. ते स्वयंरोजगारवाले, त्यांचे हप्ते वेगळ्या वर्गाचे, आणि त्या वर्गावर जेएसए मिळत नाही. बायकोच्या पगारामुळे दुसरी वाटही बंद. दहा मिनिटांत बोलणं संपलं. काही लोकांना मी फक्त ‘नाही’ का, एवढंच समजावून देऊ शकते. कौन्सिल टॅक्समध्ये सवलत मिळते का बघायला फॉर्म दिला.

1.10

डबा. माझ्याबरोबर स्वयंसेवक म्हणून येणारी मैत्रीण तासगाव तालुक्यातली. जेवताना तिने नेहमीचा प्रश्न काढला, "पण श्रीमंत बायकोच्या नवऱ्याला सरकारने पैसे का द्यावेत?"

प्रश्न रास्त आहे, आणि ब्रिटन तो शंभर वर्षं चघळतंय. 1931च्या मंदीत सरकारने हप्त्यांचा हक्क संपलेल्या बेकारांना घराच्या मिळकतीची चाचणी लावली. घरोघरी तपासनीस जात, कपाट-टेबलांची किंमत करत, आणि बेकार बापाच्या भत्त्यातून कमावत्या मुलांचा पगार वजा होई. मुलं घर सोडून दुसरीकडे खोली घेत, म्हणजे बापाचा भत्ता तरी टिकेल. त्याच वर्षी निघालेल्या दुसऱ्या एका कायद्याने हप्ते भरलेल्या हजारो विवाहित स्त्रियांचा भत्ता तोडला. कायद्याच्या नजरेत लग्न झालेल्या बाईची बेकारी ही खरी बेकारीच नव्हती. घराच्या त्या चाचणीबद्दल लोकांच्या मनात इतका संताप साचला, की युद्ध चालू असतानाच 1941 मध्ये ती मोडून काढावी लागली. मुलांची कमाई हिशेबातून सुटली. नवराबायकोची मात्र सुटली नाही.

मैत्रीण म्हणाली, "माझी आई बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला जायची. मस्टरवर तिचं नाव वेगळं, वडिलांचं वेगळं."

मला हवं होतं ते तिने सांगून टाकलं. वि. स. पागे यांनी रोजगार हमीचा पहिला प्रयोग केला तो तिच्याच तालुक्यात, विसापूरला, 1965 मध्ये. त्यातून उभा राहिलेला महाराष्ट्राचा 1977चा कायदा ग्रामीण भागातल्या प्रत्येक प्रौढ माणसाला कामाचा हक्क देत होता. नवरा कामावर आहे म्हणून बायकोला परत पाठवायची सोय त्यात नव्हती. 2005च्या राष्ट्रीय कायद्याने हमी दिली ती वर्षाला 100 दिवसांची, आणि दर घराला. नवऱ्याने साठ दिवस भरले तर बायकोला चाळीस उरले. हक्क माणसाचा की घराचा, हा झगडा विसापूरच्या माळावर आहे तसाच स्लाउमध्येही आहे.

श्रीमंत बायकोबद्दल मी तिला एवढंच म्हटलं: गरजेपुरती मदत घर बघून द्यावी, हे मला पटतं. सरकारी तिजोरी अमर्याद नाही. पण ज्याने महिनोन्महिने स्वतःच्या पगारातून हप्ता भरला, त्याने तो भरताना बायकोचा पगार कुणी विचारला नव्हता. मग परत देतानाही विचारू नये. आणि आपल्या टेबलापुढे श्रीमंत बायका येतात कुठे? येतात त्या 12.21 पौंड तासावाल्या.

2.15

पस्तिशीची बाई, सुपरमार्केटमध्ये कामाला. नवऱ्याची नोकरी जाऊन आठ महिने झाले. त्याचे जेएसएचे सहा महिने संपले आणि आता सगळं युनिव्हर्सल क्रेडिटवर आहे. दोन मुलं, एक 2013चा, एक 2016ची. भाडं 1,250. नणंद सोबत आली होती. मी तिला चहा देऊन बाहेरच्या खोलीत बसवलं आणि दार लावलं. अशा प्रकरणात मी बाईशी एकटीने बोलल्याशिवाय पुढे जात नाही.

"या महिन्यात सातशे पौंड कमी आले. घरात म्हणतात, माझ्या पगारामुळे कापले."

तिला दर चार आठवड्यांनी पगार मिळतो, हातात 1,300. पण भत्त्याचा हिशेब महिन्याचा. वर्षात तेरा पगार आणि बारा महिने, म्हणजे वर्षातून एकदा एकाच महिन्याच्या खिडकीत दोन पगार पडणारच. मी तिच्यासमोर हिशेब केला. जोडप्याचे 628.10, मोठ्या मुलाचे 339, धाकटीचे 292.81, भाड्याचे 1,250. एकूण 2,509.91. एरवी तिच्या 1,300 मधले 411 सोडून देतात, उरलेल्या 889चे 55 टक्के कापले की 2,020.96 मिळतात. दोन पगार पडले त्या महिन्यात मिळाले 1,305.96. फरक बरोबर 715 पौंडांचा. पैसे बुडाले नाहीत, दुसरा पगार तिच्या खात्यात आलाच होता. पण तो पुढच्या चार आठवड्यांच्या किराणाचा होता, आणि भाडं ज्या खात्यातून जातं ते खातं रिकामं पडलं.

तिने कागद स्वतःकडे ओढला आणि 715 वर पेनाने दोनदा गोल केला. "म्हणजे पुढच्या महिन्यात परत पूर्ण?" हो, परत 2,020.96. आणि तेराव्या पगाराची तारीख आत्ताच कॅलेंडरवर लिहून ठेवायची, त्याच्या आधीपासून दर महिन्याला थोडे बाजूला काढायचे.

मग मी विचारलं, भत्ता कुणाच्या खात्यात येतो? "त्यांच्या. अर्ज त्यांनीच भरला होता." मुलांचे पैसेसुद्धा? "सगळे एकत्रच येतात. मी मागते, मग देतात. कधी देतात."

युनिव्हर्सल क्रेडिटचा मला सगळ्यात खटकणारा भाग हाच आहे. कमाई दोघांची मोजतात, पण भत्ता एकाच खात्यात जातो. कापणी होते ती तिच्या पगारावर, आणि उरलेल्याची वाटणी करायची ती नवऱ्याने. बाईने जास्त पाळ्या केल्या की त्याच्या खात्यात कमी येतं, आणि दोष तिच्या कामावर येतो. सहा महिने तो जेएसएवर होता तेव्हा निदान त्याच्या हाती त्याचे स्वतःचे पैसे होते. ती म्हणाली, तेव्हा घरात इतकी धुसफूस नव्हती. मला आश्चर्य वाटलं नाही. हिशेब मांडला तर जेएसए चालू असतो तोवर त्याची रक्कम युनिव्हर्सल क्रेडिटमधून पूर्ण वजा होते, त्यामुळे तिच्यासारख्या घराची एकूण मिळकत दोन्ही वेळा जवळपास तेवढीच राहते. फरक पडतो तो पैसा कुणाच्या नावाने येतो याचा.

मी तिला दोन गोष्टी सांगितल्या. दोघांच्या संमतीने भत्त्याचं खातं बदलता येतं, मुलांचं बघणाऱ्याच्या खात्यात तो यावा हे धोरणालाही धरून आहे. आणि पैशांवरून जाच होत असेल, तर भत्त्याची विभागणी मागता येते, मोठा वाटा मुलं सांभाळणाऱ्याकडे. दुसरीची मागणी जपून करायची असते. विभागणी झाली की नवऱ्याला ते कळतं आणि त्याची प्रतिक्रिया तिला घरात झेलावी लागते. म्हणून आधी तिला घरात भीती आहे का ते विचारलं. ती बराच वेळ बोलली. ते इथे लिहिणार नाही. निघताना मदतीचा एक नंबर तिने फोनमध्ये एका मैत्रिणीच्या नावाखाली साठवला.

3.50

साठीचं जोडपं, सातारचं. काकांची नोकरी गेली, बाई अर्धवेळ कामाला. मुलगा म्हणे "एफडी दाखवू नका, भारतातलं इथे कुणाला कळतं?" मी खुर्ची पुढे ओढून सांगितलं, दाखवायची. दोघांची मिळून शिल्लक 16,000 पौंडांवर गेली तर युनिव्हर्सल क्रेडिट मिळत नाही, मग ती बायकोच्या नावाची साताऱ्यातली का असेना. 6,000 च्या वर गेली की थोडं थोडं कापतात. लपवलेलं पुढे निघालं तर वसुली होते, आणि ती फार वाईट असते.

बाईंनी हळूच मंगळसूत्राला हात लावला. "हे?" अंगावरचे दागिने शिलकीत धरत नाहीत. गावचं घर? त्यात तुमची वृद्ध आई राहते ना, मग तेही सोडून देतात. त्यांचा जीव भांड्यात पडला. आणि या घरालाही पहिली वाट खुली होतीच: काकांचे हप्ते पूर्ण, जेएसएला एफडीचं काही देणंघेणं नाही.

5.15

शेवटचं काम टेबलावरचं. मार्च 2025 मध्ये सरकारने सुधारणांचा एक मसुदा काढला. त्यात जेएसए आणि त्याच जातीचा आजारपणाचा भत्ता एकत्र करून नवा ‘बेकारी विमा’ आणायचा प्रस्ताव आहे. हप्त्यांवर मिळणारा, जोडीदाराची कमाई न बघणारा, आणि रक्कम आजच्या जेएसएपेक्षा बरीच जास्त. मला हा प्रस्ताव मनापासून आवडला. पण तो किती महिने मिळेल, यावर सगळं अडलेलं आहे, आणि ती मुदत मसुद्याने ठरवलेली नाही.

स्थानिक खासदाराला पत्र लिहितेय. 1996 पर्यंत या देशात हप्त्यांवरचा बेकारभत्ता बारा महिने मिळायचा. त्या वर्षी जेएसए आला आणि मुदत निम्मी झाली. तेव्हापासून सातव्या महिन्यात बेकार माणसाला त्याच्या जोडीदाराच्या पे-स्लिपेपुढे उभं केलं जातं. पन्नाशीच्या माणसाला सहा महिन्यांत नवी नोकरी मिळतेच असं नाही. आज आलेल्यांची नावं न घालता तीन घरांचे आकडे पत्रात मांडले आहेत: 880 कापले जाऊन शून्य झालेलं, एकट्याचा भत्ता आणि दोघांचा पगार असलेलं, आणि तिसरं 715चं.

मागण्या दोनच लिहिल्या. नव्या विम्याची मुदत किमान बारा महिने ठेवा. आणि नोकरीवरून काढताना मालक जे पत्र हातात देतो, त्यात एक ओळ सक्तीची करा: तुमच्या जोडीदाराची कमाई कितीही असो, तुम्ही भरलेल्या हप्त्यांवरचा भत्ता तुम्ही मागू शकता. ही ओळ मराठीत, पंजाबीत आणि पोलिशमध्येही करून पत्राला जोडली आहे. पोलिश मजकूर शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने तपासून दिला.